ताळा जुळतो का? संमिश्र संख्यांचा भागाकार आणि छापील उत्तरातली चूक

अकरावीत असताना एका भागाकारानं माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली. माझं उत्तर एक, गाइडच्या मागच्या पानावरचं दुसरं. चार वेळा गणित केलं, चारही वेळा माझंच उत्तर आलं. पाचव्या वेळी मात्र ‘जमलं’. म्हणजे मधल्या एका ओळीत उणेचं अधिक केलं आणि छापील उत्तर हजर! दुसऱ्या दिवशी सरांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. “इथे चिन्ह का बदललं रे?” सांगायला काहीच नव्हतं. गाइडमधलं उत्तरच चुकीचं होतं, आणि बरोबर आलेलं गणित मी स्वतःच्या हातानं बिघडवलं होतं.

संमिश्र संख्यांशी नुकतीच ओळख होत असलेल्यांसाठी हा लेख आहे. भागाकार कसा करायचा हे तर पाहूच, पण ते कोणत्याही पुस्तकात मिळेल. उत्तर जुळलं नाही की पुढे काय करायचं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. तिथे मी जास्त वेळ घेणार आहे.

एक सोय आधी सांगून ठेवतो. वर्गात फळ्यावर ज्याला आपण ‘आय’ म्हणतो, म्हणजे −१ चं वर्गमूळ, त्यासाठी इथे देवनागरीतलं ‘इ’ लिहितो आहे. तेव्हा इ² = −१. ‘तीन अधिक चार आय’ म्हणजे ३ + ४इ. यातला ३ हा वास्तव भाग आणि ४ हा काल्पनिक भाग.

नववीतली करणी आठवते का?

मराठी माध्यमातून आलेल्यांना अकरावी सायन्सला अचानक कॉन्जुगेट, मॉड्युलस असे शब्द ऐकू येतात आणि वाटतं, हे काहीतरी नवीनच. नवीन फारसं काही नाही. नववीत छेदाचं परिमेयीकरण केलंय ना? छेदात २ − √३ असेल तर वर-खाली २ + √३ ने गुणायचं. त्या जोडीला आपण अनुबद्ध जोडी म्हणत होतो. गुणल्यावर छेदात ४ − ३ = १ उरायचा आणि करणी गायब.

इथे करणीच्या जागी इ आहे, एवढंच. २ − इ ची अनुबद्ध संख्या, म्हणजेच कॉन्जुगेट, २ + इ. फक्त काल्पनिक भागाचं चिन्ह बदलायचं, वास्तव भागाला हात लावायचा नाही. दोघांचा गुणाकार:

(२ − इ)(२ + इ) = ४ − इ² = ४ − (−१) = ५

म्हणजे २ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. करणीत वर्गांची वजाबाकी होत होती, इथे बेरीज होते. सर्वात जास्त मुलं इथेच घसरतात, कारण हाताला ‘वर्गांतराची’ सवय असते. ४ − १ = ३ लिहून मोकळे होतात. छेदात वर्गांची बेरीजच आली पाहिजे. छेद शून्य किंवा ऋण आला तर गणित तिथेच थांबवा, कुठेतरी घोळ झालाय.

एक भागाकार, सावकाश

(३ + ४इ)/(२ − इ) काढू.

पहिलं पाऊल, गणित कंसांसह उतरवून घ्या. अंशाला कंस, छेदाला कंस. कंटाळा करू नका.

दुसरं पाऊल, छेदाची अनुबद्ध संख्या वर आणि खाली दोन्हीकडे लिहा. अंशाची नव्हे, छेदाची. इथे ती २ + इ.

तिसरं, अंशाचा गुणाकार चारही पदं सुटी लिहून करा:

(३ + ४इ)(२ + इ) = ६ + ३इ + ८इ + ४इ²

आता ४इ² म्हणजे −४. वास्तव भाग ६ − ४ = २, काल्पनिक भाग ३ + ८ = ११. अंश झाला २ + ११इ.

चौथं, छेद ५. उत्तर:

२/५ + (११/५)इ

दोन्ही भागांना ५ ने भागायचं हे विसरू नका. घाईत २/५ + ११इ लिहिणारे दर वर्गात दोन-तीन निघतातच.

झालं. पद्धत एवढीच आहे. हेच गणित दुसऱ्या वाटेनंही करता येतं, आणि ती वाट माहीत असायला हवी, कारण पुढे तपासणीला ती फार उपयोगी पडते. उत्तर क्ष + य·इ आहे असं माना. भागाकार म्हणजे काय, तर ज्याला २ − इ ने गुणल्यावर ३ + ४इ मिळतील ती संख्या. मग

(क्ष + य·इ)(२ − इ) = (२क्ष + य) + (२य − क्ष)इ

वास्तव भाग वास्तव भागाला, काल्पनिक काल्पनिकाला समान: २क्ष + य = ३ आणि २य − क्ष = ४. दहावीची एकसामयिक समीकरणं. सोडवली की क्ष = २/५, य = ११/५. तेच उत्तर, पण यात अनुबद्ध संख्या कुठे आलीच नाही.

ताळा

जुन्या प्राथमिक शाळांत गुणाकार झाला की ‘ताळा पाहा’ म्हणायचे. नवाचा ताळा वगैरे. संमिश्र भागाकाराला तीन ताळे आहेत आणि तिघांची ताकद वेगवेगळी आहे.

पक्का ताळा म्हणजे उलट गुणाकार. उत्तर गुणिले भाजक बरोबर भाज्य यायला हवा. आपल्या उदाहरणात

(२ + ११इ)(२ − इ)/५ = (४ − २इ + २२इ + ११)/५ = (१५ + २०इ)/५ = ३ + ४इ

जुळला. हा ताळा जुळला की उत्तर बरोबर, यापुढे वाद नाही. पुस्तक काय म्हणतं, क्लासचे सर काय म्हणतात, मोबाइल काय म्हणतो, याने काही फरक पडत नाही.

दुसरा, झटपट ताळा म्हणजे मापांकाचा, वर्गातल्या भाषेत मॉड्युलसचा. संख्येच्या दोन्ही भागांच्या वर्गांची बेरीज म्हणजे मापांकाचा वर्ग. भागाकारात मापांकांचाही भागाकार होतो. ३ + ४इ साठी ९ + १६ = २५. २ − इ साठी ४ + १ = ५. तेव्हा उत्तराच्या मापांकाचा वर्ग २५/५ = ५ यायला हवा. आपलं उत्तर: (४ + १२१)/२५ = १२५/२५ = ५. जुळलं, आणि हे तोंडी झालं. छेदात ५ ऐवजी ३ घेतला असता तर १२५/९ आलं असतं. ६ − ४ ऐवजी ६ + ४ केलं असतं तर (१०० + १२१)/२५. चूक लगेच उघडी.

पण हा ताळा अर्धा आंधळा आहे. त्याला चिन्हं दिसत नाहीत, कारण वर्ग केला की उणे पुसलं जातं. उत्तर २/५ − (११/५)इ असं चुकलं तरी हा म्हणणार, सगळं ठीक.

म्हणून तिसरा ताळा दिशेचा. वास्तव भाग आडव्या अक्षावर आणि काल्पनिक भाग उभ्या अक्षावर घेऊन प्रतलावर संख्या मांडली की ती आडव्या, म्हणजे वास्तव अक्षाशी काही कोन करते. भागाकारात कोन वजा होतात. ३ + ४इ चा कोन साधारण ५३°, २ − इ चा साधारण −२७°. वजाबाकी ५३ − (−२७) = ८०°. म्हणजे उत्तर पहिल्या चरणात, जवळजवळ सरळ उभं. २/५ आणि ११/५ पाहा: उजवीकडे थोडं, वर बरंच. पटतंय. कोन अचूक काढायची गरज नाही. कच्ची आकृती काढून चरण पाहिला तरी पुरे.

मापांक आणि चरण दोन्ही जुळले तर उत्तर बहुधा बरोबर. ‘बहुधा’ नको असेल तर उलट गुणाकार. परीक्षेत वेळ कमी असतो म्हणून मुलं ताळा टाळतात. माझं मत उलट आहे. हा गुणाकार अर्ध्या मिनिटाचा, आणि चुकलेलं पाऊल शोधायला दहा मिनिटं जातात.

यंत्र वापरत असाल तर एक सावधगिरी. कॅसिओच्या एफएक्स-९९१ सारख्या कॅल्क्युलेटरमध्ये संमिश्र संख्यांची सोय असते. पण त्यात कंसाशिवाय ३ + ४इ ÷ २ − इ असं दाबलं तर यंत्र आधी ४इ ला २ ने भागतं आणि उत्तर देतं ३ + इ. यंत्राची चूक नाही, त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर त्याने दिलं.

यंत्राचं निघालंच आहे तर सांगतो. हा भागाकार हातानं करून माणसं खरोखरच थकत होती. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये टेलिफोनच्या मंडलांच्या आकडेमोडीत संमिश्र संख्यांचे गुणाकार-भागाकार रोजचेच होते. त्यासाठी तिथल्याच जॉर्ज स्टिबिट्झने टेलिफोनच्या रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, वापरून एक यंत्र केलं. ते १९४० मध्ये कामाला लागलं, आणि त्याचं नावच ‘कॉम्प्लेक्स नंबर कॅल्क्युलेटर’ होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डार्टमथ कॉलेजातल्या एका सभेतून टेलिटाइपने न्यू यॉर्कमधल्या या यंत्राला गणितं पाठवून उत्तरं मागवली गेली. दूर बसून संगणक वापरण्याचा तो पहिलाच जाहीर प्रयोग, आणि त्याच्या पोटात होता आपल्या अकरावीचा भागाकार.

उत्तर जुळलं नाही. आता?

तीन शक्यता असतात: तुम्ही चुकलात, पुस्तक चुकलं, किंवा दोघंही बरोबर आहात पण कपडे वेगळे घातलेत. पहिली शक्यता सर्वात मोठी, हे प्रामाणिकपणे मान्य करून सुरुवात करू.

आधी प्रश्न पुन्हा वाचा, आणि पुस्तकातून वाचा, वहीतून नव्हे. निम्म्या वेळा उतरवतानाच चिन्ह बदललेलं असतं. मग ताळा घ्या. तो जुळत नसेल तर चूक तुमची. पुस्तक मिटून ठेवा आणि कोऱ्या कागदावर नव्यानं करा. जुन्या ओळींवरून नजर फिरवू नका. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं. दुसऱ्या खेपेला वाट बदला, क्ष-य वाली घ्या. त्याच वाटेनं पुन्हा गेलं की त्याच खड्ड्यात पाय पडतो. माझे चार प्रयत्न सारखेच आले होते ते उत्तर बरोबर होतं म्हणून, पण चुकीचं उत्तरही चार वेळा सारखंच येऊ शकतं.

ताळा जुळला, तरी उत्तर वेगळं दिसतंय? मग कपडे पाहा. पुस्तकात −इ आहे आणि तुमचं १/इ आलंय, तर दोन्ही एकच. वर-खाली −इ ने गुणून बघा. तुमचं २/(१ + इ√३) आणि पुस्तकातलं (१ − इ√३)/२ हेही एकच. कोनाच्या रूपात तर गोंधळ ठरलेलाच. एकाच दिशेचा कोन ३६०° च्या फरकानं अनेक प्रकारे लिहिता येतो; त्यातला ठरवून घेतलेला एक म्हणजे मुख्य कोन. काही पुस्तकं तो −१८०° ते १८०° मध्ये घेतात, एनसीईआरटीचं जुनं पुस्तक त्यातलंच. काही ०° ते ३६०° मध्ये घेतात. एकात −६०° आणि दुसऱ्यात ३००° छापलेलं दिसलं तर कुणीही चुकलेलं नाही. धड्याच्या सुरुवातीला कोणती मर्यादा घेतलीय ते शोधा. दोन पुस्तकं एकाच वेळी उघडी ठेवून अभ्यास करणाऱ्यांचं हे हमखास दुखणं.

कपडेही उतरवून झाले आणि फरक उरलाच, तर आता पुस्तकावर संशय घ्यायचा अधिकार तुम्हाला मिळाला.

मुद्राराक्षसाचा माग

समजा प्रश्न छापलाय (५ + इ)/(३ + २इ) आणि मागच्या पानावर उत्तर आहे १ + इ. तुम्हाला मिळालं (१७ − ७इ)/१३. तुमचा उलट गुणाकार जुळतो. पुस्तकाचा?

(१ + इ)(३ + २इ) = ३ + २इ + ३इ − २ = १ + ५इ

भाज्य ५ + इ हवा होता, आला १ + ५इ. छापील उत्तर या प्रश्नाचं नाही. इथेच बरेच जण ‘पुस्तक चूक’ म्हणून पुढे जातात. मी म्हणतो, थांबा, खरी मजा आता आहे. उत्तर सहसा हवेतून येत नाही. ते कुठल्यातरी खऱ्या प्रश्नाचं असतं. तो मूळ प्रश्न शोधू.

आधी मापांक. प्रश्नातून: २६/१३ = २. छापील उत्तरातून: १ + १ = २. जुळतो! मघाशी म्हटलं होतं ना, हा ताळा चिन्हांना आंधळा आहे. त्याचा आंधळेपणा इथे कामी येतो. मापांक जुळतोय पण उत्तर चुकतंय, म्हणजे आकडे बहुतेक शाबूत आहेत. चिन्ह पलटलंय किंवा आकड्यांची अदलाबदल झालीय.

आता दोन तर्क. भाजक बरोबर छापलाय असं धरलं तर मूळ भाज्य १ + ५इ असावा. भाज्य बरोबर धरला तर मूळ भाजक असा काढायचा:

(५ + इ)/(१ + इ) = (५ + इ)(१ − इ)/२ = (६ − ४इ)/२ = ३ − २इ

पहिल्या तर्कात दोन आकड्यांची जागा बदलावी लागते. दुसऱ्यात फक्त एका अधिकचं उणे होतं. मी दुसऱ्यावर पैज लावेन. प्रश्न (५ + इ)/(३ − २इ) असणार, टाइप करताना उणेच्या रेघेला उभी रेघ चिकटली.

मापांक जुळला नसता तर? समजा प्रश्न (१६ + ५इ)/(१ + २इ), उत्तर ४ − ३इ. प्रश्नातून २८१/५, उत्तरातून २५. मेळ नाही, म्हणजे आकडाच बिघडलाय. उलट गुणाकार करा: (४ − ३इ)(१ + २इ) = १० + ५इ. १० चं १६ झालंय. एक अंक, गुन्हा सिद्ध.

असं दोन-तीनदा केलं की एक गोष्ट लक्षात येते: छपाईच्या चुका फारशा कल्पक नसतात. उणे-अधिक, अंकाची गल्लत, अनुबद्ध दाखवणारी डोक्यावरची आडवी रेघ गळणे, वर्गमुळाचं छप्पर लांबणे किंवा आखडणे. √३ आणि त्याच्या पुढे इ अशी जोडी छापली की छप्पर इ वर गेलंय की नाही हे कळतच नाही, म्हणून चांगली पुस्तकं इ√३ अशी उलटी लिहितात. तुम्हीही वहीत तसंच लिहा.

सोडवलेल्या उदाहरणांत आणखी एक मासला भेटतो: मधली ओळ चुकीची, शेवटचं उत्तर बरोबर. उदाहरणार्थ (२ + ३इ)/(१ + इ) सोडवताना छेद १ − इ² असायला हवा, पण छापला जातो १ + इ². खालच्या ओळीत मात्र २ आणि उत्तर (५ + इ)/२, जे बरोबर आहे. आता १ + इ² म्हणजे किती? शून्य! एका उभ्या रेघेपायी पुस्तकाने शून्याने भागलं आणि तरी सुखरूप पलीकडे पोचलं. नवशिका मात्र त्या ओळीपाशी अडकून बसतो आणि समजतो की आपल्यालाच कळत नाहीये.

नियमच चुकला असेल तर

आतापर्यंतच्या चुका आकड्यांच्या. त्याहून वाईट म्हणजे चौकटीत ठळक अक्षरांत छापलेला नियमच सगळीकडे लागू न पडणं. त्यासाठी माझ्याकडे एक स्वस्त हत्यार आहे. कोणताही नियम दिसला की त्यात १, −१, इ, −इ या चार संख्या टाकून बघायच्या. भलेभले नियम या चारांपुढे टिकत नाहीत.

‘संख्येचा कोन म्हणजे टॅन व्यस्त, काल्पनिक भाग भागिले वास्तव भाग.’ इ टाका. वास्तव भाग शून्य, भागाकारच होत नाही. −१ टाका: ०/(−१) = ०, कोन ०°? पण −१ तर डावीकडे आहे, १८०° वर. हा नियम वास्तव भाग धन असेल तेव्हाच सरळ चालतो. एरवी चरण पाहून १८०° ची दुरुस्ती लागते.

‘भागाकाराचा मुख्य कोन म्हणजे मुख्य कोनांची वजाबाकी.’ −१ ला −इ ने भागा. १८० − (−९०) = २७०. पण मर्यादा १८०° पर्यंतची असेल तर २७०° मुख्य कोन असूच शकत नाही. ३६० वजा करून −९०° घ्यावा लागतो. उत्तर −इ, त्याचा कोन −९०°, आता पटलं. नियम खोटा नाही, पण ‘३६० च्या पटीचा फरक सोडून’ ही पुरवणी गळली की तो खोटा ठरतो.

आणि या यादीतला सर्वात मानाचा नियम: वर्गमुळांचा भागाकार म्हणजे भागाकाराचं वर्गमूळ. धन संख्यांना बिनधास्त लावतो आपण. १ आणि −१ टाका. √१/√(−१) म्हणजे १/इ, म्हणजे −इ. आणि √(१/(−१)) म्हणजे √(−१), म्हणजे इ. एकीकडे −इ, एकीकडे इ.

गंमत अशी की नेमकं हेच वाक्य लेओनार्ड ऑयलरच्या पाठ्यपुस्तकात आहे. १७७० मध्ये जर्मन भाषेत निघालेलं त्याचं बीजगणित हे नवशिक्यांसाठीच लिहिलेलं होतं. दृष्टी जवळजवळ गेलेली, म्हणून मदतनिसाला सांगून लिहवून घेतलेलं. त्यात तो म्हणतो की १ ला √−१ ने भागलं तर √−१ येतं, कारण १ म्हणजे √१. त्याच ठिकाणी √−१ गुणिले √−४ बरोबर √४, म्हणजे २, असंही आहे. आज हे वहीत लिहिलं तर लाल फुली मिळेल: इ गुणिले २इ म्हणजे −२.

मग अठराव्या शतकातला सर्वात मोठा गणिती चुकला? अनेकांनी तसंच लिहून ठेवलंय. पण दुसरी बाजूही आहे. ऑयलरच्या लेखी वर्गमूळ ही एक ठरलेली संख्या नव्हती. प्रत्येक वर्गमूळ दुहेरी, अधिक आणि उणे दोन्ही. तसं पाहिलं तर √४ म्हणजे +२ आणि −२ दोन्ही, आणि मग त्याच्या ओळी उभ्या राहतात. आपण √ या चिन्हाचा एकच अर्थ घेतो, म्हणून आपल्याला त्या चुकीच्या दिसतात. १७७७ मध्ये √−१ साठी स्वतंत्र अक्षर वापरायला सुरुवात केली तीही ऑयलरनेच. ऋण संख्येचं वर्गमूळ दिसलं की आधी त्याला इ च्या रूपात आणायचं आणि मगच गुणाकार-भागाकार करायचा, ही आजची शिस्त अशा भानगडी टाळण्यासाठीच आहे. मला विचाराल तर मी ऑयलरच्या बाजूनं आहे, पण परीक्षेत त्याच्यासारखं लिहू नका.

पुस्तक चुकलंय असं म्हणण्याआधी त्या पुस्तकानं चिन्हाची व्याख्या काय केलीय ते पाहायचं, ते यासाठी.

चूक सापडली. कळवायची कशी?

‘तुमच्या पुस्तकात खूप चुका आहेत’ असं लिहून काही होत नाही. कळवताना पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि मुद्रणाचं वर्ष, पान, उदाहरण क्रमांक, काय छापलंय, काय असायला हवं, आणि एका ओळीत ताळा, एवढं द्या. आवृत्ती महत्त्वाची, कारण पुढच्या मुद्रणात ती चूक दुरुस्त झालेली असू शकते. आधी शुद्धिपत्र आहे का तेही पाहा. दोन तर्क निघत असतील, मघाच्या १ + ५इ आणि ३ − २इ सारखे, तर दोन्ही कळवा; मूळ हस्तलिखित त्यांच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. आणि तुमच्या प्रतीत पेन्सिलीनं दुरुस्ती करून ठेवा. ती प्रत पुढे धाकट्या भावंडाकडे किंवा रद्दीच्या दुकानातून आणखी कुणाकडे जाणारच आहे.

सगळेच लेखक रागावतात असं नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ आपल्या पुस्तकात चूक शोधणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक पाठवत असत. सोळाच्या पायावर २५६ हे १०० असं लिहितात, म्हणून २५६ सेंट म्हणजे तसं मोजणाऱ्यांचा एक पूर्ण डॉलर. बहुतेक लोकांनी तो चेक बँकेत भरलाच नाही, भिंतीवर लावला.

शिक्षकांना चूक दाखवायची वेळ आली तर तासाच्या मध्यात उभं राहून नको. तास संपल्यावर वही घेऊन जा, “सर, माझा ताळा जुळतोय पण पुस्तकाचं उत्तर वेगळं आहे, मी कुठे चुकतोय का बघता?” असं विचारा. यात नाटक काही नाही. दहापैकी काही वेळा आपणच चुकलेले निघतो.

आता सरावाला तीन. उत्तरं सोबत दिली आहेत, पण त्यातलं एक मी मुद्दाम चुकीचं छापलंय.

अ. (७ + इ)/(१ − इ) = ३ + ४इ

ब. (४ − ३इ)/(१ + २इ) = २/५ − (११/५)इ

क. १३/(२ + ३इ) = २ − ३इ

मापांकाचा ताळा तिन्हींना जुळतो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. चुकीचं सापडलं की आणखी एक काम: प्रश्न तोच ठेवून उत्तरात कमीत कमी किती खुणा बदलल्या तर ते बरोबर होतं, ते सांगा.